अडुसष्ट लिंगांची वेबसाईट : नोटपॅडमध्ये लिहा, स्वतः चढवा

वेबसाईट शिकायची तर विषय हाताशी असलेला घ्यावा. सोलापुरात तो तयारच आहे. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांनी स्थापन केलेली ६८ शिवलिंगं शहरात आणि शहराभोवती पसरलेली आहेत. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेत, यण्णीमज्जनाच्या (तैलाभिषेकाच्या) दिवशी, सातही नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, या लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. यात्रेला आलेल्या पाहुण्यानं "चाळिसावं लिंग कुठल्या गल्लीत?" असं विचारलं, तर मात्र कुणा जाणत्याला गाठावं लागतं. क्रमांक, नाव, ठिकाण, जवळची खूण आणि एक फोटो, एवढं ज्या पानावर नीट मांडलेलं असेल ते पान गावाच्या कामाचं आहे. तेच इथं बनवू.

पद्धत पहिल्या दिवसांतल्या वेबची. साध्या मजकुराच्या फाईली हातानं लिहायच्या आणि सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटला कायम जोडलेल्या कॉम्प्युटरवर, नेऊन ठेवायच्या. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये एचटीएमएलचं, म्हणजे पान लिहिण्याच्या भाषेचं, पहिलं वर्णन मांडलं तेव्हा त्यात जेमतेम १८ टॅग, म्हणजे खुणा, होत्या. फोटोचा टॅगसुद्धा नव्हता, तो १९९३ मध्ये सुचवला गेला. त्यातले परिच्छेद, मथळे, यादी आणि दुवा हे टॅग आजचा ब्राउझरही तसेच वाचतो. भारतात विदेश संचार निगमनं सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं १५ ऑगस्ट १९९५ ला. त्यानंतरच्या काळात आपल्याकडे ज्यांनी पानं बनवली, त्यांनीही नोटपॅडवरच हात बसवला.

माऊसनं ओढून पान बनवून देणाऱ्या सेवा आज भरपूर आहेत आणि त्यांवर काम लवकर होतं हेही खरं. पण ती साईट त्यांच्या घरात राहते. जिओसिटीज ही फुकट पानं देणारी सेवा १९९४ मध्ये निघाली, १९९९ मध्ये याहूनं विकत घेतली आणि २००९ मध्ये बंद केली. ज्यांच्याकडे आपल्या फाईली होत्या त्यांनी त्या उचलून दुसरीकडे मांडल्या. म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या : तुमच्या कॉम्प्युटरवरचा फोल्डर हीच वेबसाईट, सर्व्हरवर असते ती तिची प्रत.

आधी वही

कॉम्प्युटर उघडण्याआधी वहीत पाच रकाने आखा : क्रमांक, नाव, ठिकाण, खूण, दर्शनाची वेळ. सगळी ६८ एकदम गोळा करायला निघालात तर साईट कधीच होणार नाही. पहिली पाच घ्या. एकच नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं, त्यातलं एक ठरवा आणि साईटभर तेच ठेवा. ठिकाण लिहिताना नुसतं "पेठेत" लिहून भागत नाही. नवख्या माणसाला पुरेल असं लिहा : कुठल्या रस्त्यानं आत वळायचं, डाव्या हाताला की उजव्या.

फोटो सकाळी नऊच्या आत काढा. आपल्याकडच्या उन्हात दुपारी बारा वाजता पांढऱ्या चुन्याची भिंत फोटोत नुसती पांढरी फटक येते आणि सावलीतलं लिंग काळं. गाभाऱ्यात फ्लॅश लावू नका. तेलानं माखलेल्या दगडावर तो चमकून मधोमध पांढरा ठिपका उमटतो. फोन उंबरठ्याला किंवा खांबाला टेकवून धरा म्हणजे अंधारातही हलणार नाही. आणि पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय गाभाऱ्यातला फोटो काढू नका, काढलेला असेल तर साईटवर टाकू नका.

फोल्डर आणि फाईलींची नावं

डेस्कटॉपवर एक फोल्डर करा, त्याचं नाव समजा "साईट". त्याच्या आत "फोटो" नावाचा दुसरा. प्रत्यक्षात ही नावं इंग्रजी लहान अक्षरांत द्यायची. या लेखात वाचायला सोपं जावं म्हणून सगळं देवनागरीत दिलं आहे, पण फाईलींची आणि टॅगची नावं लिहिताना अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजी हवेत.

मोकळी जागा नको, मोठी अक्षरं नकोत. विंडोज मोठ्या-लहान अक्षरांत फरक करत नाही, आणि बहुतेक होस्टिंग, म्हणजे साईट ठेवायची सर्व्हरवरची जागा, लिनक्सवर चालतं, तिथं फरक होतो. पानात लहान अक्षरांत "फोटो" आणि फोल्डरवर पहिलं अक्षर मोठं, असं झालं की घरी सगळं छान दिसतं आणि चढवल्यावर एकही फोटो दिसत नाही. नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ या एका चुकीत जातो. शब्दांमध्ये अंतर हवं असेल तर आडवी रेघ वापरा.

क्रमांक दोन आकडी ठेवा : लिंग-०१, लिंग-०२, थेट लिंग-६८ पर्यंत. नुसता १, २, ३ दिलात तर सर्व्हरवरच्या यादीत १ नंतर १०, ११ येतात आणि २ कुठल्या कुठं जातो. मुख्य पानाचं नाव मात्र ठरलेलं आहे : इंडेक्स डॉट एचटीएमएल. नुसता पत्ता टाकल्यावर सर्व्हर हीच फाईल शोधतो.

पहिली फाईल

आधी विंडोजच्या फाईल एक्सप्लोररमध्ये "व्ह्यू"मध्ये जाऊन फाईलच्या नावामागचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, दिसेल असं करा. हे बंद असलं की "इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी" अशी फाईल तयार होते, डोळ्यांना ती बरोबर दिसते आणि ब्राउझरमध्ये पानाऐवजी सगळा कोड उघडतो. नोटपॅडमध्ये "सेव्ह ॲज" करताना प्रकार "ऑल फाईल्स" आणि एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाईलीत साठवण्याची पद्धत, "यूटीएफ-८" निवडा.

आता आत काय लिहायचं. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, नक्षी विणणारा जकार्डचा माग चालताना पाहिला असेल तर हे पटकन कळेल. त्याला लावलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर नुसती भोकं असतात, फूल किंवा मोर मागावर उमटतो. तसंच एचटीएमएलच्या फाईलमध्ये पान नसतं, "हा मथळा, हा परिच्छेद, इथं फोटो" एवढ्या खुणा असतात आणि ब्राउझर त्यावरून पान विणतो. खूण म्हणजे टॅग. कोनी कंसात नाव लिहिलं की तो उघडतो, तेच नाव तिरप्या रेघेसह लिहिलं की बंद होतो.

पहिल्या ओळीत डॉकटाईपची घोषणा : कोनी कंस, उद्गारचिन्ह, डॉकटाईप, एचटीएमएल. ती विसरलात तर ब्राउझर जुन्या साईटींसाठी ठेवलेल्या ढिल्या नियमांनी पान मांडतो आणि मापं चुकतात. मग "एचटीएमएल" टॅग, त्याला "लँग" हा गुणधर्म देऊन किंमत "एम-आर", म्हणजे मराठी. पूर्व भागातल्या वाचकांसाठी तेलुगू पान केलंत तर तिथं "टी-ई", कन्नडला "के-एन". वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर यावरूनच उच्चार ठरवतं.

त्याच्या आत दोन भाग. "हेड"मध्ये पानाविषयीची माहिती, "बॉडी"मध्ये दिसणारा मजकूर. हेडमध्ये तीन ओळी हव्यातच. पहिली "मेटा" टॅगमधला कॅरसेट, किंमत यूटीएफ-८. ती फाईलच्या पहिल्या १०२४ बाइटच्या आत यावी लागते, म्हणून हेड उघडल्या उघडल्या लिहा. दुसरी "व्ह्यूपोर्ट"ची मेटा ओळ, ज्यात रुंदी म्हणजे डिव्हाइसची रुंदी असं सांगायचं. ही नसली तर फोन पान सुमारे ९८० पिक्सेल रुंद धरून आक्रसतो आणि अक्षरं मुंगीएवढी दिसतात. तिसरी "टायटल", म्हणजे ब्राउझरच्या टॅबवर दिसणारं नाव.

बॉडीत "एच-१" मध्ये पानाचं नाव, फक्त एकदा. खाली "पी" मध्ये दोन-तीन ओळींची ओळख. मग यादी. क्रमवार यादीला "ओ-एल" आणि तिच्यातल्या प्रत्येक नोंदीला "एल-आय". ब्राउझर क्रमांक आपोआप टाकतो, पण तुमची पहिली पाच लिंगं सलग नसतील तर १, ७, २३ ऐवजी तो १, २, ३ टाकेल. तेव्हा प्रत्येक "एल-आय"ला "व्हॅल्यू" देऊन खरा क्रमांक लिहा. क्रमांक देवनागरीत हवेत? सीएसएसमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं हे सांगणाऱ्या नियमांत, "लिस्ट-स्टाईल-टाईप"ची किंमत "देवनागरी" अशी देता येते, हा शब्द सीएसएसला ठाऊक आहे.

पाच रकान्यांचा तक्ता करायचा मोह होईल. करू नका. फोनवर पाच रकाने मावत नाहीत आणि वाचणारा यात्रेत उभा असतो, टेबलाशी बसलेला नसतो.

देवनागरी कुठं मोडते

इथं जरा थांबायला हवं, कारण मराठी पान बिघडतं ते बहुधा इथंच.

"सोलापूर" या शब्दात युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीच्या, हिशेबानं सात चिन्हं आहेत : स, ओकार, ल, काना, प, दीर्घ उकार, र. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण २१. ब्राउझरला यूटीएफ-८ आहे हे सांगितलं नाही आणि त्यानं ते जुन्या पाश्चात्य पद्धतीनं वाचलं, तर तो प्रत्येक बाइटचं एक वेगळं अक्षर समजतो. मग पडद्यावर डोक्यावर तिरपी रेघ असलेल्या इंग्रजी "ए"ची रांग लागते, आणि मधेमधे येनचं चिन्ह. हे दिसलं तर घाबरू नका, फाईल शाबूत आहे. कॅरसेटची ओळ तपासा, पान परत उघडा, मराठी जशीच्या तशी येते.

पण पानावर नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर गोष्ट वेगळी. फाईल "अन्सी"मध्ये सेव्ह झाली आहे. त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नसते, म्हणून सेव्ह करताना प्रत्येक चिन्हाच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं आहे. तो मजकूर त्या फाईलमधून परत निघत नाही. विंडोज १० च्या २०१९ मधल्या सुधारणेपासून नोटपॅड नवीन फाईल यूटीएफ-८ मध्येच ठेवतो, पण जुन्या कॉम्प्युटरवर अन्सी हाच ठरलेला पर्याय असे. नोटपॅड अशा वेळी इशारा देतो. तो न वाचता "ओके" दाबलं की काम संपलं.

चौकोनी डबे दिसले तर त्या फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये देवनागरी फॉन्ट नाही. आजकाल हे क्वचितच घडतं.

चौथा बिघाड आपल्याकडे फार होतो. यात्रेची पत्रिका किंवा मंडळाचं माहितीपत्रक डीटीपीवाल्याकडून फाईलसकट मिळतं आणि मजकूर उचलून पानात टाकला की भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं येतात. तो मजकूर युनिकोडमध्ये नसतो. जुन्या छपाई फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, त्यामुळे तो फॉन्ट असेल तिथंच ते मराठी दिसतं. सुरुवातीच्या कित्येक मराठी साईटी अशाच होत्या, आधी फॉन्ट उतरवा आणि मग वाचा. हा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणता येतो, पण नंतर डोळ्यांखालून घालावाच लागतो. रफार भलत्या अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी एक घर सरकते, "वाऱ्यावर"मधला ऱ्य तुटतो. पाच लिंगांची माहिती असेल तर सरळ नव्यानं टाईप करणं कमी वेळेचं.

दिसण्याविषयी दोनच सूचना. मराठीला ओळींमध्ये जागा जास्त लागते, कारण वर मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार. "लाईन-हाईट" १.६ ठेवा. आणि अक्षरांमध्ये अंतर वाढवणारी "लेटर-स्पेसिंग" देवनागरीला कधीच लावू नका, शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात.

अवतरणचिन्हांची एक चूकही लक्षात ठेवा. वर्डमध्ये लिहून इथं आणलेल्या मजकुरात अवतरणचिन्हं वळणदार असतात. गुणधर्माच्या किमतीभोवती सरळच लागतात. वळणदार चिन्हं लागली की दुवा चालत नाही आणि चूक दिसतही नाही.

फोटो

आजच्या फोनचा फोटो सहज ४००० पिक्सेल रुंद आणि ४ एमबी वजनाचा असतो. पूर्वीच्या, टेलिफोनच्या तारेवर चालणाऱ्या २८.८ केबीपीएसच्या मोडेमवर सेकंदाला सगळं जमून ३.६ किलोबाइट येत, म्हणजे एवढ्या एका फोटोला अठरा मिनिटांहून जास्त लागली असती. म्हणूनच त्या काळी लोक पानाचं वजन केबीत मोजत. हा हिशेब जुना झालेला नाही. गड्ड्याच्या दिवसांत, यात्रा भरते त्या होम मैदानाच्या आसपास एका टॉवरवर हजारो फोन लटकलेले असतात तेव्हा तुमचं पान उघडायला हवं.

६८ मूळ फोटो म्हणजे २७२ एमबी. प्रत्येकी ८० केबी केले तर सगळे मिळून साडेपाच एमबीच्या आत. पेंटमध्ये फोटो उघडा, "रिसाईझ" घ्या, पिक्सेल निवडा, आडवी रुंदी ८०० करा, प्रमाण कायम ठेवण्याची खूण लावलेली राहू द्या आणि जेपेग म्हणून नव्या नावानं ठेवा. मूळ फोटोवर सेव्ह करू नका, मोठा फोटो परत मिळत नाही. मूळ फोटो साईटच्या फोल्डरबाहेर ठेवा. नकाशा किंवा सपाट रंगांचं चित्र असेल तर पीएनजी, कारण जेपेगमध्ये अक्षरांच्या कडेला घाण उमटते.

"आय-एम-जी" टॅगला चार गोष्टी द्या : "एस-आर-सी"मध्ये फोटोचा रस्ता, "ऑल्ट"मध्ये फोटोत काय आहे ते मराठीत, आणि "विड्थ" व "हाईट". मापं दिली की फोटो येण्याआधीच ब्राउझर जागा धरून ठेवतो आणि वाचता वाचता मजकूर खाली उडी मारत नाही. यादी लांबल्यावर "लोडिंग"ची किंमत "लेझी" द्या, म्हणजे वाचणारा खाली जाईल तसे फोटो उतरतील.

रस्ता लिहिताना तो पानापासून लिहायचा : फोटो, तिरपी रेघ, लिंग-०७ डॉट जेपीजी. तिथं "सी" ड्राइव्हपासूनचा रस्ता आला असेल तर फोटो जगात फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर दिसेल.

पानं जोडणं

दुव्याला "ए" टॅग, त्यात "एच-आर-ई-एफ". प्रत्येक लिंगाला वेगळं पान करण्याची गरज नाही. सगळ्या ६८ नोंदींचा मजकूर मिळून ६०-७० केबी होतो, एका पानात आरामात बसतो. प्रत्येक नोंदीला "आयडी" द्या, मग पत्त्यापुढे हॅशचं चिन्ह आणि ती आयडी लावून थेट त्या लिंगावर नेणारा दुवा व्हॉट्सॲपवर पाठवता येतो.

एखाद्या साध्या साईटीवर कंट्रोल आणि यू दाबलं की तिचा कोड दिसतो. जुन्या काळी लोक असंच शिकले. रचना बघायला हरकत नाही, मजकूर आणि फोटो मात्र ज्याचे त्याचे.

चढवणं

सुरुवातीला फुकट जागा पुरते. २०१३ मध्ये निघालेल्या निओसिटीजवर ब्राउझरमधूनच फाईली ओढून टाकता येतात, गिटहब पेजेसवरही अशी साईट फुकट राहते. स्वतःचा पत्ता हवा असेल तर डोमेन नोंदवा. डॉट इन घ्या, किंवा देवनागरीतला डॉट भारत, जो २०१४ पासून मिळतो. डोमेन कुणाहीकडून घ्या, पण खातं तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाईलवर असू द्या. साईट बनवणाऱ्याच्या नावावर डोमेन राहिलं आणि तो गाव सोडून गेला, तर मंडळाचा पत्ताही त्याच्याबरोबर जातो. मुदत संपण्याची तारीख मंडळाच्या वहीत लिहून ठेवा.

विकतच्या होस्टिंगवर फाईलझिला या फाईली चढवण्याच्या प्रोग्रॅमनं चढवा. होस्ट, नाव, पासवर्ड, पोर्ट या चार गोष्टी होस्टिंगवाला देतो. एसएफटीपी मिळत असेल तर तेच घ्या, पोर्ट २२. साधं एफटीपी पोर्ट २१ वर चालतं आणि पासवर्ड उघडा पाठवतं, सायबर कॅफेतून तर ते टाळाच. डावीकडे तुमचा कॉम्प्युटर, उजवीकडे सर्व्हर. उजवीकडे "पब्लिक एचटीएमएल" नावाचा फोल्डर उघडा आणि डावीकडच्या "साईट" फोल्डरच्या आतल्या गोष्टी निवडून ओढा. अख्खा फोल्डर ओढलात तर पत्त्यावर होस्टिंगवाल्याचं स्वागताचं पान दिसत राहतं आणि तुमची साईट एक पायरी आत दडून बसते. शेवटी खाली "फेल्ड ट्रान्स्फर्स"मध्ये काही अडकलेलं नाही ना, ते पाहा.

नवं डोमेन सर्व्हरला जोडल्यावर ते सगळीकडे पोचायला कधी तासभर, कधी एक-दोन दिवस लागतात. तेवढ्यात सेटिंग पुन्हा पुन्हा बदलू नका. यात्रा जानेवारीच्या मध्याला असते, तेव्हा डोमेनचं काम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच उरका. कुलपाचं चिन्ह येण्यासाठी लेट्स एनक्रिप्टचं फुकट प्रमाणपत्र होस्टिंगच्या पॅनेलमधून लावा आणि त्याचं नूतनीकरण आपोआप होतं आहे याची खात्री करा.

चढवल्यावर

पानाऐवजी ४०४ असा चुकीचा आकडा आला तर फाईल त्या नावानं तिथं नाही : स्पेलिंग, मोठं-लहान अक्षर, फोल्डर या क्रमानं बघा. ४०३ आलं तर एक तर इंडेक्सची फाईल नाही, नाही तर परवानगी चुकली आहे. फाईलींना ६४४, फोल्डरांना ७५५ द्या. अडत असलं तरी ७७७ देऊ नका, मग त्या सर्व्हरवरचा कुणीही तुमच्या फाईलीत लिहू शकतो.

तपासणी स्वतःच्या कॉम्प्युटरवर करू नका, कारण तिथं सगळं आधीच हाताशी असतं. वाय-फाय बंद करून दुसऱ्याच्या फोनवर उघडा. जमल्यास एखाद्या लिंगापाशी जाऊन उघडा आणि तिथं नवख्या माणसाच्या हातात फोन देऊन पुढच्या लिंगाकडे जायला सांगा. तो जिथं थबकेल तिथली ओळ दुरुस्त करायची.

दुरुस्ती नेहमी आपल्या फोल्डरमधल्या फाईलीत करा आणि मग ती चढवा. थेट सर्व्हरवर बदललंत तर पुढच्या वेळी घरची जुनी फाईल तिच्यावर बसते आणि दुरुस्ती पुसली जाते. चढवण्याआधी अख्ख्या फोल्डरची एक प्रत तारीख घालून पेन ड्राइव्हवर ठेवा. चढवूनही जुनंच पान दिसलं तर ते ब्राउझरनं साठवलेलं असतं, कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि एफ-५ दाबा. फोटो बदलला असेल आणि लोकांच्या फोनवर जुनाच दिसत असेल तर नव्या फोटोला नवं नाव द्या, लिंग-०७-ब, आणि पानातलं नावही बदला. जुन्या नावाची फाईल आठवडाभर सर्व्हरवर राहू द्या, ज्यांच्या फोनमध्ये जुनं पान साठलेलं आहे त्यांना ती लागेल.